कापणीच्या सोळाव्या रात्री

ग्लास दिव्यापाशी धरला, तर रंग तांबूस.
पण तेवढं लिहून भागत नाही.
सफरचंद कापावं, कुणीतरी हाक मारावी,
परत येईपर्यंत फोडींवर जो चढतो
तो रंग, आणि त्याच्यामागे दिवा लावलेला.
फेस मळकट पांढरा. काठाला धरून राहतो,
निघतो निघतो म्हणत न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

मॉक्सी गावात सफरचंदांचं एक जुनं शीतगृह आहे,
तिथे आता कोराली बोद्रीच्या तीन टाक्या.
तिने आम्हा सात जणांना पुठ्ठ्याचे तुकडे दिले
आणि सुतारी पेन्सिली.
"छान आहे असं लिहू नका," म्हणाली,
"छान तर माझी आईही म्हणते,
आणि ती बिअर पीत नाही."

बाहेर मांडव रिकामे.
अठरा फुटांवरच्या तारा आता नुसत्याच वाजतात.
वेल उतरले, ट्रकांत गेले,
रस्ताभर त्यांची हिरवी बोंडं सांडलेली.
सप्टेंबरात इथे वाळत घातलेली चादरसुद्धा
हॉप्सच्या वासासकट घडी होते.

तर वास.
आधी पपनसाची साल, नखाने टोचलेली.
मग पाइनच्या लाकडाचा भुसा, करवतीखालचा, ओलसर.
आणि तळाशी, अंग चोरून,
खरपूस पावाची कड.
मी 'पाव' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

घोट.
पहिलं गोड येतं: काकवी,
करपायच्या क्षणभर आधी उतरवलेली.
जीभ जरा टेकते न टेकते
तोच कडू येतं, बूट न काढता,
थेट आतल्या खोलीत.
गिळून झालं तरी बोलतच राहतं.
मला राग आला, आणि मी दुसरा घोट घेतला.

शाळेत रसायन शिकवणाऱ्या ओपलने लिहिलं:
टोमॅटोची पानं खुडल्यावरचा हात.
कुणीतरी 'मांजर' लिहिलं.
कोराली हसली नाही. "सिम्कोत येतं तसं कधीकधी."

शेवटी युसेबियो ताफोया.
सव्वीस हंगाम भट्टीवर,
वाळत्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून
ओल सांगणारा.
ओल मोजायचं यंत्र आलं,
तेव्हा यंत्र त्याच्यावरून जुळवून घेतलं.
पिवळी भुकटी त्याच्या भुवयांत, नखांत,
पाकिटातल्या नोटांतही.

कोराली जरा ताठ बसली.
तो प्याला. ग्लास फिरवला. पुन्हा प्याला.
"मला यात हॉप्स लागत नाहीत."

पेन्सिली थांबल्या.

"लागणार कसे? सहाव्या वर्षीच गेले.
आधी डोकं दुखायचं त्या वासाने,
बायको अंगणातच कपडे काढायला लावायची.
मग एक दिवस वासच नाही.
कॉफी येते, डिझेल येतं, नातवाचं डोकं येतं.
हा एकच गेला.
कडू कळतं, पण कशाचं ते कळत नाही.
नुसतं ओझं."

मग पुठ्ठा ओढला,
आणि हळूहळू, मोठ्या अक्षरांत:
भाजलेला मका.
सुकं अंजीर, सालीकडचं.
सातूचं पोतं, उन्हात झटकलेलं.
खारा शेंगदाणा?
(प्रश्नचिन्ह त्याने दोनदा गिरवलं.)

कोरालीने तो तुकडा उचलला
आणि बराच वेळ वाचला, चारच ओळी होत्या तरी.
"हे तर मी घातलं होतं," म्हणाली,
"आणि मलाच पुन्हा सापडत नव्हतं."

मी नाक दाबलं, तिसरा घोट तोंडात धरला,
मग हळूच सोडलं.
अंजीर होतं.
मका मला अजून सापडलेला नाही.

अकराला त्याची पाळी.
जाकीट उचलून तो भट्टीकडे गेला,
अर्धा ग्लास तसाच ठेवून.
जाकीट जिथे टांगलं होतं त्या खुर्चीभोवती
कितीतरी वेळ दरवळत होतं
पपनस, पाइन, ओला भुसा.